दोन थाळ्यांचा एक आवाज

सौंसरच्या मुलींच्या शाळेत तापमापक एकच होता. तो बोरगावच्या विहिरीत पडला तेव्हा त्याच्या सुतळीचं दुसरं टोक सुधाबाईंच्या हातात होतं. सुतळी त्यांनीच आणली होती आणि सुटलेली गाठही त्यांनीच मारलेली होती, त्यामुळे रागवायला दुसरं कुणी नव्हतं.

चोपन्न सालचा मार्च महिना. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात थंड का लागतं, हे आठवीच्या मुलींना पुस्तकातून सांगणं सुधाबाईंना पटेना. पांढुर्ण्याच्या त्यांच्या घरात बी.एस्सी. झालेल्या त्या पहिल्याच. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही ही खोड त्यांना नागपूरच्या कॉलेजात लागली होती. म्हणून अकरा मुली, एक तापमापक आणि एक सुतळी घेऊन बाई बोरगावला आल्या होत्या, आणि आता पितळी नळीतला तो सरकारी तापमापक तीस फूट पाण्याच्या तळाशी होता.

"काही नाही बाई, मनकर्णा काढते," एक मुलगी म्हणाली.

मनकर्णा कामडी याच बोरगावची, मागच्या बाकावरची, हाडाने रुंद, वर्गात फारसं न बोलणारी. तिने ओढणी दगडावर ठेवली, पाय धुतले, विहिरीला हात जोडले आणि सरळ सूर मारला.

सुधाबाईंनी नकळत स्वतःची नाडी धरली. जवळ घड्याळ नव्हतं. नव्वद ठोके झाले. सत्त्याण्णव झाले. आपण घाबरलोय, म्हणजे नाडी जलद चालतेय, म्हणजे खरे सेकंद साठ-पासष्टच असतील, असा हिशेब त्या मनात करत होत्या तेवढ्यात पाणी फुटलं. मनकर्णेच्या डाव्या हातात पितळी नळी होती आणि उजव्या हाताने तिने पायरी धरली होती.

"फुटला नाही बाई. खाली लय थंड हाय," ती म्हणाली, जणू प्रयोगाचं उत्तरच दिलं.

पण सुधाबाईंचा प्रयोग एव्हाना बदलला होता. वर येताना ती मुलगी हात-पाय आपटत आली नव्हती. दोन्ही हात एकदम पुढे, एकदम बाजूला, दोन्ही पाय एकदम आखडून एकदम बाहेर फेकलेले. हे कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत बेडकाची बरणी पुसताना आठवलं.

त्यांनी एक जिवंत बेडूक टबात सोडला आणि मनकर्णेला बोलावून दाखवला.

"म्हणजे मी बेडकासारखी पोयतो?" ती हिरमुसली.

"बेडूक तुझ्यासारखा पोहतो असं म्हण. कुणी शिकवलं तुला?"

"कोनीच नाही."

बाकीचं तिच्या बापाने सांगितलं. कवडू कामडी संत्र्याच्या बागेत झाडांभोवती आळी करत होता. कुदळ न ठेवताच बोलला. बोरगावची ती विहीर पिण्याची. तिच्यात पोहायला म्हणून कुणी उतरायचं नाही, हा गावाचा नेम. मात्र काही पडलं तर ते काढायला उतरावं लागतं, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या कामड्यांकडे. आधी कवडूचा बाप काढायचा, मग कवडू. त्याच्या कानातून पाणी वाहायला लागलं आणि घरात मुलगा नव्हता, म्हणून मनकर्णा.

"मग वर्षातून चार-दोन वेळाच उतरत असेल ती," सुधाबाई म्हणाल्या.

कवडू हसला. "तसं नाही बाई. लोटे लय पडते आमच्या गावात. अन् रविवारीच पडते."

गावातल्या बायकाच ते पाडत होत्या. मनकर्णा लहानपणी काठावर बसून पाण्याकडे बघत राहायची; कुणाला तरी दया आली आणि पहिला लोटा पडला. मग ती रीतच झाली. नेम कुणी मोडला नाही, आणि पोरगी मात्र पोहत राहिली.

हे ऐकल्यापासून सुधाबाईंना एकच प्रश्न छळू लागला. या मुलीचा वेग किती? त्यांनी विहिरीचा व्यास दोरीने मोजला. चोवीस फूट भरला. स्टॉपवॉच नव्हतं, तेव्हा विहिरीच्या रहाटाच्या आडव्या लाकडाला, मीटरला अर्धं बोट कमी इतक्या लांबीच्या दोरीने दगड टांगला. एवढ्या लांबीचा लंबक इकडून तिकडे जायला बरोबर एक सेकंद घेतो. दगड झुलायचा, बाई मोजायच्या, मनकर्णा पाण्याखालून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायची. आणि दर वेळी आधी एक लोटा पाडावा लागायचा.

ते आकडे सुधाबाईंनी नागपूरला मुकुंदराव हळदेंना लिहून पाठवले. हे कॉलेजातल्या मैत्रिणीचे थोरले भाऊ, तिथल्या एका क्लबात पोहणं शिकवायचे. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. "तुमचा दगड चुकत असावा. नसेल चुकत तर मुलीला घेऊन या. या प्रकाराला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात आणि आमच्याकडे तो नीट येणारी एकही मुलगी नाही."

दगड चुकत नव्हता. पंचावन्नच्या पावसाळ्यानंतर नागपूरला शंभर यार्डांची शर्यत झाली. तलाव पंचवीस यार्डांचा, म्हणजे चार भिंती. त्या काळी ब्रेस्टस्ट्रोक पाण्याखालून पोहायला मुभा होती. मनकर्णा पाण्याखाली गेली ती जवळजवळ प्रत्येक भिंतीलाच वर आली, आणि बाकीच्या मुली चौथ्या भिंतीकडे निघाल्या तेव्हा तिचं पोहणं संपलं होतं. लोक उभे राहिले. कवडू पहिल्यांदाच नागपूरला आला होता. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

मग पंचांनी तिला बाद केलं.

"काहून?" कवडूने विचारलं. "पोट्टी त पयली आली!"

मुकुंदरावांनी समजावलं. या प्रकारात भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी, एकाच पातळीवर लागले पाहिजेत. मनकर्णेने चारही भिंतींना फक्त उजवा हात लावला होता.

"तुला सांगितलं होतं ना मी?" मुकुंदराव वैतागले होते.

"सांगतलं होतं जी." मनकर्णा आपल्या डाव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "मले वाटलं मी दोन्ही लावले."

परतीच्या गाडीत एकामागून एक स्टेशनं गेली. पांढुर्णा आलं. सुधाबाई उतरल्या त्या अजून त्या डाव्या हाताचाच विचार करत होत्या. मुलगी खोटं बोलत नव्हती. मग तो हात होता कुठे?

पुढच्या रविवारी त्यांनी लंबक टांगला नाही, नुसतं बघायचं ठरवलं. एका काकूने लोटा पाडला. मनकर्णा गेली, वर आली. डाव्या हातात लोटा, उजवा पायरीला. बाईंनी तिला म्हटलं, "आता रिकामीच जा आणि ये." ती रिकामी गेली आणि आली, आणि तिचा डावा हात कमरेशी मुडपलेला, बोटं वळलेली, त्यात नसलेला लोटा घट्ट धरलेला!

"मनकर्णा, हातात काय आहे तुझ्या?"

तिने खाली पाहिलं आणि मोठ्याने हसत सुटली. "अव माय! लोटाच हाय न!"

आयुष्यात ती एकदाही रिकाम्या हाताने भिंतीला आली नव्हती. विहिरीत उतरायचं तेच मुळी काही आणायला. हात बिचारा शिकवलेलंच करत होता.

सांगून तो ऐकणार नव्हता, त्याला दुसरं काही शिकवायला हवं होतं. सुधाबाईंनी कामड्यांच्या घरून दोन पितळी थाळ्या मागून घेतल्या आणि पायरीवरून पाण्याच्या रेघेपाशी शेजारी शेजारी टांगल्या. दोन्ही हातांनी दोन्ही थाळ्या वाजवायच्या. हात मागेपुढे लागले तर आवाज दोन येतील. बरोबर लागले तर एकच. माणसाचा कान सेकंदाचा विसावा भागसुद्धा ओळखतो, हे बाईंना ठाऊक होतं. विहिरीत तर आवाज घुमून मोठा होतो.

"ठण्‌-ठण्‌," वरून कवडू ओरडायचा. "दोन झाले!"

"माह्या थाळ्यांचे खड्डे होऊन राहिले ते कोनी मोजून राहिलं का?" मनकर्णेची आई पंचफुला घरातून विचारायची.

दिवाळीपर्यंत ठण्‌-ठण्‌ चालू होतं. संक्रांतीला दहात सात वेळा एकच आवाज येऊ लागला. होळीला सगळे दहा.

छप्पनच्या ऑक्टोबरात मनकर्णा नागपूरला पहिली आली आणि कुणी बाद केलं नाही. मध्यप्रदेशाची विजेती म्हणून तिला एक कप मिळाला. त्यानंतर दोन आठवड्यांत तो मध्यप्रदेशच उरला नाही. एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं. सौंसर-पांढुर्णा नव्या मध्यप्रदेशात राहिले, ज्याची राजधानी भोपाळ. बोरगावातल्या कुणी तेव्हा भोपाळ पाहिलेलं नव्हतं. बसने दोन-तीन तासांवरचं नागपूर परराज्य झालं, हे कवडूला बरेच दिवस खरं वाटेना. "मंग संत्री कुठी नेऊ आता?" तो विचारायचा. संत्री नागपूरलाच जात राहिली.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात मुकुंदरावांचं पत्र आलं आणि त्यात दोन बातम्या होत्या. हिवाळ्यात कोलंबोला आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. ब्रेस्टस्ट्रोकसाठी भारतातून दोन मुली घेणार. निवड ऑक्टोबरात कलकत्त्याला. ही एक. दुसरी अशी, की नियम बदलला. आता पाण्याखालून पोहायचं नाही. सुरुवातीला आणि वळल्यावर एकेकदा हात मारेपर्यंत काय ते खाली, नंतर डोकं सतत पाण्याच्या वर दिसलं पाहिजे.

मनकर्णेने पत्र दोनदा वाचलं.

"बाई, मी त खालूनच पोयतो."

"हो."

"मंग संपलं."

"ते मोजल्याशिवाय कसं कळेल?"

कवडूने मात्र आपलं मोजून टाकलं होतं. पोरगी मॅट्रिक झाली होती. तिगावचे पाहुणे तिला बघायला दोनदा येऊन गेले होते. "बाई, तुमच्या शब्दाभाईर मी नाही," तो म्हणाला, "पन एकच डाव. कलकत्त्याहून नाव निघालं त जाऊ द्या तिले कोलंबोले, गावात पेढे वाटीन. नाही निघालं त हे पोयनं बंद."

मनकर्णेने मान डोलावली. तिला कोलंबो नकाशावर कुठे आहे हे ठाऊक होतं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तिने त्या टिपक्यावर बोट ठेवून पाहिलं होतं.

अर्जाचा प्रश्न आधी आला. मुकुंदरावांचा क्लब आता मुंबई राज्यातला, तो तिचं नाव पाठवू शकेना. सुधाबाईंनी नव्या राज्याच्या संघटनेला पत्र टाकलं. नाही म्हणतील, किंवा उत्तरच देणार नाहीत, अशी त्यांची अटकळ होती. हिंदीतलं उत्तर आलं ते असं, की या प्रकारात आपल्या राज्यात दुसरी कुणी मुलगी नसल्याने राज्याची वेगळी चाचणी होणार नाही, कुमारी कामडी यांनी थेट कलकत्त्यास जावे.

"म्हंजे नागपूर गेलं ते बरंच झालं म्हना!" पंचफुला म्हणाली.

राहिला वेग. पाण्याखालून चौदा फेऱ्यांना, म्हणजे शंभर मीटरांहून थोडं जास्त अंतराला, लंबकाचे अठ्ठ्याण्णव झोके लागायचे. डोकं वर ठेवून एकशे बारा लागले. शिवाय विहिरीत दर चोवीस फुटांवर भिंतीला रेटा मिळतो, तलावात तेवढे रेटे नाहीत. म्हणजे तिथे याहूनही वाईट. सुधाबाईंनी हे सगळं मनकर्णेला सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

डोक्याची पहारेदारी कवडूने घेतली. मनकर्णा डोक्याला लाल फडकं बांधायची आणि तो काठावरून नजर लावून बसायचा. "बुडालं!" तो ओरडायचा. "पुन्हा बुडालं! अव पोट्टे, मान वर कर!" गावातल्या बायकांना लोटे पाडायचं काम दुप्पट झालं.

वेगासाठी बाईंचा उपाय सरळ होता. हात जास्त मार. एका फेरीला तीन हात पडतात, पाच मार. मनकर्णेने आठवडाभर पाच मारले. झोके एकशे पंधरा झाले. बाईंनी दगडाची दोरी पुन्हा मोजली. दोरी बरोबर होती.

"बाई, एक सांगू?" मनकर्णा पायरीवर धापा टाकत बसली होती. "पाच हात मारले की पानी माह्याशी भांडते. माह्याच लाटा भिंतीहून परत येते अन् तोंडावर बसते. दोनच मारून पाहू का? हात मारला की लांब होऊन पडून राहतो. सरकते तेवढं सरकू देतो."

"त्याने हळू होईल," सुधाबाई म्हणाल्या.

"मोजून पाहा ना."

मोजलं. एकशे सहा. बाईंनी वहीत आकडा लिहिला, मग पुन्हा मोजायला लावलं. एकशे पाच. आपण शिकवतोय ते चूक आणि ही करतेय ते बरोबर, हे लिहिताना त्यांना जो आनंद झाला तो कॉलेजातल्या कुठल्याही परीक्षेत झाला नव्हता. मग त्या रोज विचारू लागल्या. मान किती खाली ठेवली की पाणी कमी भांडतं? पाय आधी की हात आधी? मनकर्णा उत्तर शोधून आणायची. दसऱ्याच्या सुमारास झोके शंभरावर आले. नागपूरच्या तलावात, परराज्यात, मुकुंदरावांच्या घड्याळाने शंभर मीटरांच्या हिशेबाने एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद दाखवले. "निवडीसाठी अजून दोन सेकंद कमी व्हायला हवेत," ते म्हणाले.

कलकत्त्याचा तलाव पन्नास मीटर लांब होता. आदल्या दिवशी तिथे पोहून आल्यावर मनकर्णा म्हणाली, "बाई, भिंत येतच नाही इथं. मधात माणूस एकटाच पडते."

सकाळची पहिलीच शर्यत त्यांची. पाच मुली. शिटी झाली. सुधाबाई बायकांच्या बाकावर बसल्या होत्या आणि सवयीने नाडी धरून होत्या. जाताना मनकर्णा चौथी होती. शेजारची मुलगी तिच्या दुप्पट हात मारत होती, आणि बाईंना पहिल्यांदाच वाटलं, आपली वही चुकली. वळून येताना त्या मुलीचे हात जड झाले. मनकर्णा दोन हातांच्या मधे लांब होऊन सरकत होती, आज फडक्याशिवाय, काळं डोकं वर. तिसरी झाली. शेवटच्या दहा मीटरांत कलकत्त्याची एक मुलगी स्पष्ट पुढे, आणि मागे मनकर्णा आणि मद्रासची मुलगी बरोबरीने. भिंत. पाणी उडालं. मनकर्णेचं डोकं आधी लागलं की हात, तेसुद्धा बाईंना दिसलं नाही.

घड्याळवाल्यांनी मनकर्णा दुसरी आल्याचं सांगितलं. एक बेचाळीस. पण तिच्या रांगेचा पंच उभा राहून हात हलवत होता.

सुधाबाई कठड्यापर्यंत गेल्या. पंच म्हणत होता की डावा हात भिंतीला नव्हता. त्याने खाली पाहिलं तेव्हा तो कमरेशी होता. त्यांना विचारलं असतं तर 'मला दिसलं नाही' एवढंच त्या सांगू शकल्या असत्या. तेच खरं होतं.

मनकर्णा अजून पाण्यातच होती. तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं खरंच वळलेली होती. हात लावून झाल्यावर, सगळं संपल्यावर, तो आपला जुना लोटा धरून बसला होता. मग तिने भिंतीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"साहब," ती म्हणाली, "दीवार देखो ना."

पाण्याच्या रेघेवर फरशीला पावसाळ्याचं हिरवं शेवाळ धरलं होतं, सायीसारखं पातळ. त्या सायीत दोन पंजे उमटले होते. दोन्ही स्वच्छ, शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. त्या रांगेत त्या सकाळी दुसरं कुणी भिंतीला लागलेलं नव्हतं.

मुख्य पंच वयस्कर होते. ते गुडघ्यावर बसले, चष्मा सारखा केला आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. एकदा आपला पंजा त्या खुणेजवळ नेऊन पाहिला. "कोणता हात आधी लागला?" त्यांनी तिला हिंदीत विचारलं.

"एक आवाज आया था, साहब," मनकर्णा म्हणाली.

त्यांना ते कळलं नसावं. पण ते उठले आणि त्यांनी कागदावर सही केली.

बोरगावात कवडूने शब्दाप्रमाणे पेढे वाटले. पहिला पेढा त्याने विहिरीत टाकला आणि मग तो काढायला कुणी उतरायचं का यावरून गावात हशा झाला. डिसेंबरात मनकर्णा मद्रासमार्गे कोलंबोला गेली. निघताना सुधाबाईंनी तिला शाळेचा तापमापक दिला. नियमाप्रमाणे तो शाळेबाहेर जायला नको होता. त्यांनी नोंदवहीत 'प्रयोगासाठी' असं लिहिलं.

ती परत आली ती पांढुर्ण्याच्या फलाटावर, जानेवारीच्या थंडीत, अंगात भारताचं नाव असलेला कोट. कवडू, पंचफुला, निम्मं बोरगाव, आणि मागे सुधाबाई.

"कितवी आली व?" कवडूने डबा थांबायच्या आधीच विचारलं.

"चौथी. पदक तिघींनाच."

"अन् प्रांत कोनता लिवला होता? नागपूर का भोपाळ?"

"तिथं कोनी इचारलंच नाही, बाबा. इंडिया लिवलं होतं." मग ती आईच्या मिठीतून सुटून बाईंकडे आली, कोटाच्या खिशातून पितळी नळी आणि एक घडी केलेला कागद काढला. "घ्या बाई. वर साडेअठ्ठावीस. दीड मीटरवर अठ्ठावीस. तळाशी सव्वासत्तावीस."

सुधाबाईंनी आकडे वाचले. "तळाशी? सुतळी तर मी पाच फुटांचीच दिली होती."

मनकर्णेने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तलाव बंद केला होता. राखणदार पाण्यात उतरूच देईना. मी म्हटलं, मापच तेवढं घेतो. अन् मंग बाई, गाठ सुटली. पडला न तो पाण्यात."

"सुटली?"

"काढा त लागतेच ना, बाई. सरकारी हाय."